खणातलं दुसरं मशीन

माझ्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात शुगर तपासायचं एक जुनं मशीन पाच-सहा वर्षं पडून होतं आणि कुणी विचारलं की बॅकअप आहे ना गं तुझ्याकडे, तर मी छातीठोकपणे हो म्हणायचे. म्हणजे होतंच की. खण उघडला की दिसायचं. काळं पाऊच, त्याची चेन अर्ध्यावर अडकलेली, आत मशीन, टोचायचं पेन, रक्ताचा थेंब लावायच्या स्ट्रिप्सच्या दोन डब्या आणि तळाशी दोन-तीन वापरलेल्या स्ट्रिप्स. या वापरलेल्या स्ट्रिप्स टाइप वन डायबेटिसवाल्यांच्या, म्हणजे रोज इन्शुलिन घ्यावंच लागणाऱ्यांच्या, घरात कुठेही सापडतात, गादीखाली, पुस्तकात, चपलेला चिकटलेल्या, मला तर एकदा इस्त्री होऊन आलेल्या शर्टाच्या खिशात सापडली होती, धुऊन, कडक इस्त्री झालेली.

मला टाइप वन झालं तेव्हा मी अकरा वर्षांची होते, आता चौतीस. दिवसाला चारच वेळा बोट टोचलं असं धरलं तरी तेहतीस हजारांच्या वर भोकं होतात, आणि चारवर भागलेले दिवस फार कमी. एवढ्या अनुभवी माणसाने बॅकअपच्या बाबतीत गाफील राहावं हे मलाच नंतर पटेना, पण खरं सांगू का, अनुभवी माणूसच गाफील राहतो. नवीन पेशंटच्या घरात सगळं डबल असतं, लेबलं लावलेलं असतं. आपल्याला वाटतं आपण आता मुरलोय.

तर ती रात्र.

अडीचच्या सुमारास सेन्सरचा अलार्म वाजला. दंडाला सेन्सर लावलेला असतो, तो दर पाच मिनिटांनी फोनवर आकडा पाठवतो. डोळे किलकिले करून बघितलं तर ५२ आणि शेजारी खाली जाणारा बाण. ७० च्या खाली गेलं की लो, ५४ च्या खाली गेलं की गंमत नाही, हे आता झोपेतही पाठ आहे. पण मला काही होतच नव्हतं. घाम नाही, थरथर नाही, धडधड नाही. एखाद्याला वाटेल मग तर बरंच की. तसं नसतं. इतकी वर्षं हायपो, म्हणजे शुगर फार खाली जाणं, होऊन होऊन शरीर ओरडायचं सोडून देतं, धोक्याची लक्षणं बोथट होतात, त्यामुळे मला काही होत नाहीये याचा अर्थ मी ठीक आहे असाही होतो आणि मी ४० ला आहे पण कळत नाहीये असाही होतो. त्यातून मी त्याच दंडावर झोपले होते. सेन्सर अंगाखाली दाबला गेला की तिथल्या टिश्यूमधला द्रव कमी होतो आणि तो खोटा लो दाखवतो, हे होतं बऱ्याचदा, सेन्सरवाल्यांना विचारा. म्हणजे आकडा खोटा असण्याची शक्यता भरपूर, पण खरा असला तर?

अशा वेळी करायची गोष्ट एकच, बोट टोचून बघणे. सेन्सरच्या माहितीपत्रकातही हेच लिहिलेलं असतं, लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर रक्त तपासा. उठले. रोजचं मशीन बघते तर बॅगेत नाही. मग आठवलं, दुपारी ऑफिसात वापरलं आणि तिथल्याच ड्रॉवरमध्ये राहिलं. हरकत नाही, बॅकअप आहे ना.

खण उघडला, पाऊच काढलं, मशीनचं बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, धरून ठेवलं, तळहातावर आपटलं (हे का करतो आपण कोण जाणे). सेल गेलेला. त्यात तो चपटा नाण्यासारखा सेल लागतो, सीआर २०३२. घरात पेन्सिल सेल दहा सापडतील, हा कुठून आणायचा रात्री अडीच वाजता? मग डोक्यात आलं की वजनकाट्यात असाच असतो. वजनकाटा उलटा केला, झाकणाला बारीक स्क्रू, स्क्रू ड्रायव्हर कुठेय, शेवटी नखाने आणि कात्रीच्या टोकाने ते झाकण उचकटलं. सेल बसला. मशीन चालू झालं, तारीख दाखवत होतं १ जानेवारीची.

आता स्ट्रिप. हातात आली ती नवी कोरी पन्नासची डबी, सील न फोडलेली, एक्सपायरी लांबची. सील फोडलं, स्ट्रिप घातली, मशीन ढिम्म. कारण डबी होती नव्या मशीनची आणि मशीन होतं जुनं. मीच कधीतरी एक जास्तीची डबी बॅकअपच्या पाऊचमध्ये टाकून ठेवली होती, मोठ्या शहाणपणाने. प्रत्येक मशीनला त्याचीच स्ट्रिप लागते, दुसऱ्या कंपनीची सोडा, त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचीही बरेचदा चालत नाही. पन्नास स्ट्रिप्स हातात आणि तपासता येईना.

दुसऱ्या डबीत जुन्या मशीनच्या चार होत्या. एक्सपायरी होऊन चौदा महिने झालेले. पण म्हटलं आकडा तर येईल. टोचलं. १३८. हुश्श म्हणणार तेवढ्यात मनात आलं की जुनी स्ट्रिप आहे, पुन्हा बघू. त्याच बोटातून पुन्हा थेंब काढला. १७१.

फोन म्हणतोय ५२, एक स्ट्रिप म्हणते १३८, दुसरी म्हणते १७१, आणि मी जमिनीवर फतकल मारून बसलेय, समोर उलटा पडलेला वजनकाटा. तिसरी लावायचा धीर झाला नाही, चौथाच कुठलातरी आकडा आला असता. शेवटी काय केलं, ५२ ला मान दिला, कारण लो जीव घेऊ शकतो आणि हाय तासाभरात घेत नाही, एवढं साधं गणित. नियम १५ चा, १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं आणि १५ मिनिटं थांबायचं. मी घाबरून चार ग्रॅमच्या आठ गोळ्या चावल्या, म्हणजे दुपटीच्या वर. वीस मिनिटांनी सेन्सरचा आकडा वर चढायला लागला. आता तो ग्लुकोजने चढला की मी दंडावरून उठून बसले म्हणून चढला, ते काही कळायला मार्ग नाही. सकाळी २६८ ने उजाडलं, तोंड कोरडं, डोकं जड, आणि त्या रात्री माझी शुगर नेमकी किती होती ते मला आजतागायत माहीत नाही.

या सगळ्यात कुणाचीच चूक नव्हती, म्हणजे माझ्याशिवाय कुणाचीच. सेल पन्नास वेळा बदलता आला असता. डब्या एकदा ताडून बघायच्या होत्या. सगळी मिळून दहा मिनिटांची कामं आणि ती पाच वर्षांत झाली नाहीत, कारण पाऊच दिसत होतं. मला वाटतं खरा घोळ तिथेच आहे. काहीच नसतं ना बॅकअपला, तर मी रोजचं मशीन ऑफिसात विसरलेच नसते.

आईला सांगितलं दुसऱ्या दिवशी फोनवर. ती ओरडली नाही, फक्त म्हणाली, "अगं, मी डबीवर तारीख लिहायचे ते आठवतं का तुला?"

आठवतं की. मी शाळेत होते तेव्हा सगळा कारभार आईकडे होता. नवी डबी उघडली की ती मार्करने झाकणावर लिहायची, उघडली अमुक तारखेला. मला तेव्हा ते फार बावळट वाटायचं. नंतर कधीतरी माहितीपत्रक नीट वाचलं तेव्हा कळलं की काही स्ट्रिप्सची छापील एक्सपायरी ही बंद डबीची असते आणि एकदा उघडली की त्यांना तीन किंवा सहा महिनेच असतात, काहींना मात्र छापलेल्या तारखेपर्यंत चालतं, ते ज्याचं त्याचं वाचूनच बघावं लागतं. आईने ते पहिल्याच आठवड्यात वाचलं होतं. बारीक अक्षरातलं, चष्मा लावून, सगळं. मी तेवीस वर्षांनी वाचलं.

स्ट्रिप म्हणजे आपल्याला एक प्लास्टिकची काडी वाटते, पण ती तशी बऱ्यापैकी नाजूक चीज आहे. तिच्या टोकाला एन्झाइमचा थर असतो, बऱ्याच स्ट्रिप्समध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज, जे एका काळ्या बुरशीपासून काढतात, अॅस्परजिलस नायजर. रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची रिअॅक्शन होते, इलेक्ट्रॉन सुटतात, मशीन तो बारीकसा करंट मोजतं आणि पाच सेकंदांत आकडा देतं. थेंब तरी केवढा, एका मायक्रोलिटरपेक्षाही कमी. आता हे एन्झाइम दमट हवेत आणि उन्हात खराब होतं, म्हणून तर डबीच्या आत ओलावा शोषणारा पदार्थ घातलेला असतो आणि झाकण लगेच बंद करा असं कळकळीने लिहिलेलं असतं. आणि मी काय करायचे, बाहेर जाताना पाच स्ट्रिप्स काढून नाण्यांच्या छोट्या पाकिटात टाकायचे. वर्षानुवर्षं. बहुतेक स्ट्रिप्सना ३० अंशांच्या खाली ठेवा असं सांगतात, म्हणजे उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेल्या डबीचं काय होत असेल त्याचा विचारच नको. फ्रिजमध्येही नको, बाहेर काढल्यावर त्यावर बाष्प धरतं. इन्शुलिन फ्रिजमध्ये म्हणून शेजारी स्ट्रिप्सही फ्रिजमध्ये, असं केलेलं मी पाहिलंय.

वाईट म्हणजे खराब झालेली स्ट्रिप तसं सांगत नाही. सेल गेला तर मशीन निदान बंद तरी पडतं. खराब स्ट्रिप मात्र शांतपणे एक आकडा देते, तीन अंकी, नीटनेटका, आणि त्या आकड्यावर आपण इन्शुलिनचा डोस ठरवतो. एरर आला असता तर त्या रात्री मी कदाचित जास्त शहाणपणाने वागले असते.

पण नंतर एक गोष्ट लक्षात आली तेव्हा मी जरा नरमले. मशीनसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ १५१९७, त्याची २०१३ ची आवृत्ती म्हणते की १०० आणि त्यावरच्या शुगरला शंभरातली पंच्याण्णव रीडिंग्ज खऱ्या आकड्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असली पाहिजेत, आणि १०० च्या खाली १५ पॉइंट अलीकडे-पलीकडे. आता बघा, समजा माझी शुगर त्या रात्री खरोखर १५४ होती. त्याच्या १५ टक्क्यांत १३१ पासून १७७ पर्यंतचं सगळं बसतं. म्हणजे १३८ आणि १७१, दोन्ही पास! एक्सपायर झालेल्या जाऊ द्या, कोऱ्या स्ट्रिप्सनी हे दोन आकडे दिले असते तरी नियमात बसलं असतं. मी उगाच त्या बिचाऱ्या म्हाताऱ्या स्ट्रिप्सना नावं ठेवत होते. अर्थात त्या बरोबर होत्या असंही म्हणता येत नाही. त्यांच्यावर विश्वास ठेवायला माझ्याकडे काही कारण नव्हतं, एवढंच.

ते कारण मिळवायची सोयसुद्धा असते आणि ती आपण कुणीच वापरत नाही. कंट्रोल सोल्युशन म्हणून एक इवलीशी बाटली मिळते, काही मशीनबरोबर येते, काहींची वेगळी मागवावी लागते. त्यात ठरावीक प्रमाणात ग्लुकोज असतं. रक्ताऐवजी त्याचा थेंब स्ट्रिपला लावायचा आणि आलेला आकडा डबीवर छापलेल्या दोन आकड्यांच्या मध्ये बसतो का बघायचं. बसला तर मशीन आणि स्ट्रिप दोन्ही ठीक. मी माझ्या ओळखीच्या सहा-सात टाइप वनवाल्यांना विचारलं, कुणी वापरलंय का कधी? एकजण म्हणाला ती डोळ्यात घालायची का? ही बाटलीही उघडल्यावर साधारण तीन महिन्यांतच टाकून द्यायची असते, तेव्हा तीही तारखेच्या भानगडीत आलीच.

कधी कधी वाटतं हे किती लाडावलेपण आहे आपलं. पूर्वी आकडा हा प्रकारच नव्हता. १९२२ च्या जानेवारीत टोरंटोत चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला इन्शुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं, त्यानंतर लोक जगायला लागले, पण घरी शुगर तपासायची म्हणजे लघवी तपासायची. निळं बेनेडिक्ट सोल्युशन, त्यात लघवीचे थेंब, टेस्ट ट्यूब उकळायची आणि रंग बघायचा, निळा राहिला तर बरं, हिरवा, पिवळा, केशरी, आणि विटकरी झाला तर कठीण आहे. १९४१ मध्ये क्लिनिटेस्ट नावाची गोळी आली, ती टेस्ट ट्यूबमध्ये टाकली की आपोआप उकळी फुटायची, स्टोव्हची कटकट गेली. पण लघवीत साखर उतरते तीच मुळी रक्तात साधारण १८० च्या वर गेल्यावर. त्याच्या खाली सगळं निळंच. ५२ काय, १५२ काय, रंग एकच, आणि तोही काही तासांपूर्वीचा. १९६५ ला डेक्स्ट्रोस्टिक्स आली, तिच्यावर रक्ताचा मोठा थेंब ठेवायचा, मिनिटभर थांबायचं, पाण्याने धुवायचं आणि रंग डबीवरच्या रंगांशी लावून बघायचा. पहिलं मशीन १९७० चं, एम्स कंपनीचं, वजन किलोभर, भिंतीतल्या प्लगला लावायचं आणि ते होतं डॉक्टरांसाठी, पेशंटसाठी नव्हतंच. त्याचा बॅकअप ठेवायचा तर वेगळी पिशवी लागली असती!

आणि मग १९९३ ला तो मोठा अभ्यास बाहेर आला, डीसीसीटी, १४४१ टाइप वनवाले, त्यातल्या निम्म्यांनी दिवसातून किमान चार वेळा बोट टोचून त्यानुसार इन्शुलिन घेतलं. त्यांच्यात डोळ्यांच्या त्रासाचा धोका ७६ टक्क्यांनी कमी, किडनीचा ५०, नसांचा ६०. माझ्या डॉक्टरांनी अकरा वर्षांच्या मला हे आकडे सांगितले नव्हते, फक्त म्हणाले होते, "बाळा, बोट टोचायचा कंटाळा करायचा नाही." आकडे मी मोठी झाल्यावर वाचले. तेव्हापासून त्या डबीकडे मी जरा आदराने बघते, निदान बघायला हवं होतं.

हल्ली सेन्सरमुळे लोकांना वाटतं की मशीनचा जमाना गेला. मलाही वाटलं होतं, म्हणूनच तर खणाकडे दुर्लक्ष झालं. पण सेन्सर दाराच्या चौकटीला घासून निघतो, ही तर आमची सार्वत्रिक दुर्घटना आहे. नवा लावला की सुरुवातीचा अर्धा तास ते दोन तास, ज्या त्या मॉडेलप्रमाणे, तो गप्प असतो, त्या वेळात आपण आंधळे. फोनची बॅटरी संपली की आकडा संपला. काही सेन्सर पॅरासिटामॉल घेतलं की जास्त दाखवतात, काहींना व्हिटॅमिन सी चालत नाही, म्हणजे आजारी पडल्यावर, जेव्हा आकडा सगळ्यात जास्त हवा असतो, तेव्हाच हे नखरे. शिवाय सेन्सर मोजतो ते पेशींमधल्या द्रवातलं ग्लुकोज, रक्तातलं नाही, त्यामुळे शुगर भराभर वर-खाली होत असली की तो पाच-दहा मिनिटं मागे असतो. सेन्सर मी सोडणार नाही, त्याने मला कित्येक रात्री वाचवलंय. पण त्याचा बॅकअप म्हणजे मशीन, आणि मशीनचाही बॅकअप हवा, असं हे लांबत जातं. कुठे थांबायचं ते प्रत्येकाने ठरवायचं. माझा नवरा म्हणतो तू वजनकाट्याचाही बॅकअप आण आता.

यात एक प्रश्न मला फार दिवस छळत होता. दुसरं मशीन रोजच्यासारखंच घ्यावं की वेगळ्या कंपनीचं? सारखं असलं तर स्ट्रिप्स दोन्हीला चालतात, एकच साठा सांभाळायचा, आणि रोजच्या वापरात डब्या फिरत राहतात म्हणून एक्सपायर होत नाहीत. वेगळं असलं तर एक फायदा आहे, एका स्ट्रिपचा माल अचानक मिळेनासा झाला किंवा कंपनीने सदोष म्हणून परत मागवला तर दुसरं मशीन चालू राहतं. मी बराच काथ्याकूट केला आणि सारखंच घेतलं. कारण मी मला ओळखते. दोन प्रकारच्या डब्या सांभाळण्याइतकी शिस्त माझ्यात असती तर ती रात्र आलीच नसती. जुनं मशीन बाद केलं, रोजच्यासारखंच नवं आणलं. आता नवीन डबी आली की ती बॅकअपच्या पाऊचमध्ये जाते आणि पाऊचमधली आधीची डबी रोजच्या वापरात येते. इतकी साधी गोष्ट आहे की लिहितानाही लाज वाटतेय. सेलची दोन पाकिटं घेतली, एक पाऊचमध्ये, आणि एक, हो, वजनकाट्यासाठी.

आणि झाकणावर मार्करने तारीख. अक्षर आईसारखंच येतं, हे मला माहीत नव्हतं.

हे सगळं दुप्पट ठेवायला पैसे लागतात, त्याबद्दल बोलायला हवं. आम्हाला महिन्याच्या स्ट्रिप्सच पुरत नाहीत आणि ही बॅकअपचं सांगतेय, असं कुणाला वाटलं तर ते चूक नाही. माझ्याही घरी अशी वर्षं होती, आई दोन टेस्टमधलं अंतर वाढवून वाढवून डबी महिन्याच्या शेवटापर्यंत ताणायची. तेव्हा बॅकअप म्हणजे डबीच्या तळाशी दोन स्ट्रिप्स, ज्यांना हात लावायचा नाही. माझ्या मते तोही बॅकअपच. फक्त त्या चालतात का, मशीनचा सेल कधी बदलला होता, एवढं माहीत हवं.

टोचायच्या पेनाचं कुणाच्या ध्यानात राहत नाही. त्यातली स्प्रिंग एकदा प्रवासात माझी तुटली. मशीन आहे, स्ट्रिप्स आहेत, सुयाही आहेत, पण पेन खटकन उडत नाही. मग नुसती लॅन्सेटची सुई चिमटीत धरून बोटाच्या कडेला खुपसायची. तेहतीस हजार वेळा टोचलेलं बोट, पण पेनाशिवाय हात पुढे जाईना, तीनदा मागे घेतला. चौथ्यांदा डोळे मिटून. त्या दिवसापासून सुटं पेनही पाऊचमध्ये आहे.

किटोनच्या पट्ट्या मी थोड्याच ठेवते. इन्शुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात किटोन नावाची आम्लं साठतात, ती मोजायच्या या पट्ट्या. शुगर २५० च्या वर चिकटून बसली किंवा उलट्या सुरू झाल्या की त्या लागतात, रक्तातले किटोन ०.६ च्या खाली असले तर श्वास सोडायचा, ३ च्या पुढे गेले की सरळ हॉस्पिटल. त्या प्रत्येक वेळी न वापरताच एक्सपायर होतात. फेकताना जीव हळहळतो, आणि मग वाटतं, बरंय की.

प्रवासाला सगळं दुप्पट, हे तर डॉक्टरही सांगतात. मी ते दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवते, दोन्ही स्वतःजवळच्या. विमानात सामानाच्या कप्प्यात तर कधीच नाही, तिथल्या थंडीत इन्शुलिन गोठू शकतं, आणि बॅग दुसऱ्याच विमानतळावर उतरली तर संपलंच. खूप गारठ्यात मशीनसुद्धा आकडा न देता तापमानाचा एरर दाखवतं, मग ते काखेत धरून ऊब देत बसायचं. लोक बघतात. बघू देत.

मागच्या महिन्यात ट्रेनमध्ये होते. संध्याकाळची वेळ, समोरच्या सीटवर वडील आणि नऊ-दहा वर्षांचा मुलगा. मुलगा खिडकीला डोकं टेकून बसलेला, रंग उडालेला, कपाळावर घाम. वडील पिशवीत काहीतरी शोधत होते, मग त्यांनी एक मशीन बाहेर काढलं. स्क्रीनला आडवी चीर गेलेली, आकड्यांच्या जागी काळा डाग. ते हलवून बघत होते, बटण दाबत होते, तळहातावर आपटत होते. मग त्यांचं लक्ष माझ्या दंडावरच्या सेन्सरकडे गेलं.

"ताई, तुमच्याकडे मशीन आहे का हो? आमचं आत्ता चढताना पडलं. स्ट्रिप्स आहेत आमच्याकडे, भरपूर आहेत."

त्यांनी डबी पुढे केली. भरलेली, नुकतीच उघडलेली. दुसऱ्याच कंपनीची.

"या नाही चालणार माझ्या मशीनला," मी म्हटलं, "पण माझ्याकडे स्ट्रिप्सही आहेत. पेन तुमचंच वापरा, सुई नवी घाला."

मी बॅकअपचं पाऊच काढलं, स्ट्रिप लावून मशीन पुढे धरलं. पोराने स्वतःच ओल्या रुमालाने बोट पुसलं, कोरडं केलं, कडेला टोचलं, थेंब स्ट्रिपला लावला, एकदम सराईतपणे, खिडकीवरचं डोकं जेमतेम उचलून. पाच सेकंद. ६१. वडिलांनी ग्लुकोजचं पाकीट दाताने फाडलं, निम्मं सीटवर सांडलं. पंधरा मिनिटं आम्ही तिघंही काही बोललो नाही. पुन्हा तपासलं तेव्हा ९४ आले होते आणि पोरगा मला विचारत होता की दंडाला लावलेलं ते दुखतं का.

माझं स्टेशन आधी होतं. त्यांना अजून अख्खी रात्र जायची होती. मी पाऊचची चेन लावली आणि ते त्यांच्या हातात दिलं, डबीसकट.

"अहो नाही नाही, ताई, तुम्हाला लागेल. परत कसं करू मी?"

"माझं दुसरं आहे बॅगेत. राहू द्या." मी सामान घेऊन दाराकडे निघाले, मग आठवलं म्हणून मागे वळून सांगितलं, "सेल गेल्याच महिन्यात बदललाय. आणि डबी कधी उघडली ते झाकणावर लिहिलंय."